फ्लेक्सला पाडलेली खिडकी

"आधी तो फ्लेक्स काढून ये, मग जेव," ताई म्हणाली आणि माझ्यापुढचं ताट तिनं उचललं.

"ताट ठेव खाली."

"फ्लेक्स काढ."

"काढत नसतो. मामांनी सांगितलं, नानांनी हो म्हणलं, मी केला. भांडायचं तर त्यांच्याशी भांड."

"त्यांनी सांगितलं. पण अक्षरं कुणी टाकली?"

"मी टाकली. का टाकली? तू एखादं बरं विद्यापीठ बघितलं असतंस तर माझ्यावर खोटं लिहायची पाळी आली नसती."

तिनं ताट आपटलं. आमटी माझ्या गुडघ्यावर सांडली. गरम होती. मी उठलोच, पण आई मधे आली आणि फडक्यानं माझा गुडघा पुसायला लागली, मी अजून पाच वर्षांचा असल्यासारखा.

तीन वर्षं झाली याला. मी सोळाचा होतो. शाळा सुटून दीड वर्ष झालं होतं आणि स्टँडसमोर शेखभाईच्या दुकानात मी फ्लेक्स करायचो. वाढदिवस, श्रद्धांजली, नियुक्ती, काय पाहिजे ते. कुणाचं तोंड किती गोरं करायचं, कुणाचा फोटो कुणाच्या वर लावायचा, हे मला तालुक्यात कुणापेक्षाही जास्त कळत होतं. आमच्या गावात एखादी गोष्ट फ्लेक्सवर आली की ती झाली. नाही आली तर कितीही खरी असू दे, कुणी विचारत नाही.

तर ताई, म्हणजे कांचन पांडुरंग सुरवसे, एम.एस्सी. झाली. सूक्ष्मजीवशास्त्र. विभागात दुसरी आली. पण कुठल्या विद्यापीठात, तर मांजरथडी विद्यापीठात. गावापासून तीस किलोमीटरवर, उघड्या माळावर, अकरा वर्षांपूर्वी काढलेलं. बाभळी आणि पत्र्याच्या शेडी. कमानीवरची अर्धी अक्षरं वाऱ्यानं पडलेली. त्याला सगळे पत्र्याचं विद्यापीठ म्हणायचे. ज्याचा कुठंच नंबर लागत नाही तो तिथं जातो, असं मामा म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचो.

दिलीपमामा पुण्याला कंपनीत होते. त्यांनी ताईसाठी लोमट्यांचं स्थळ आणलं. मुलगा पुण्यात इंजिनिअर, वडील निवृत्त गुरुजी. रविवारी बघायला येणार होते.

"दाजी," मामांनी फोनवर नानांना, म्हणजे आमच्या वडलांना, सांगितलं होतं, "पाहुणे स्टँडवर उतरणार. चौकात पोरीचा फ्लेक्स पाहिजे. अन् खाली विद्यापीठ पुण्याचं टाका. एवढ्यानं काय होतंय? लग्नानंतर कोण सर्टिफिकेट काढून बघतंय?"

नानांना खोटं जमत नाही, पण मामांपुढं नाही म्हणणंही जमत नाही. ते मला म्हणले, "टाक." मी टाकलं. दहा बाय आठ. ताईच्या फोटोला मागून सूर्य उगवतोय असं केलं होतं. काम चांगलं झालं होतं, ते मी आजही सांगतो.

शुक्रवारी दुपारी लागला आणि संध्याकाळी घरात हे भांडण.

"मी त्या लोमट्यांसमोर बसून काय बोलू?" ताई म्हणाली. "ते विचारतील पुण्यात कुठं राहत होतीस, तर काय सांगू?"

"हॉस्टेलला, म्हणून सांग."

"मी रोज पहाटेच्या एसटीनं गेले दोन वर्षं. ते कुठं ठेवू?"

आई आता फडक्यानं चूल पुसत होती. पुसलेलीच चूल.

"ठीक," ताई मला म्हणाली. "उद्या मला गुणपत्रक आणायला जायचंय. गाडी घे नानांची आणि चल माझ्याबरोबर. एकदा बघ. मग सांग काय लिहायचं ते."

"मी काय बघणार तिथं? बाभळी?"

"बाभळी बघ."

शनिवारी सकाळी गेलो. लायसन नव्हतं, म्हणून आतल्या रस्त्यानं. माळ लागला तसा वारा असा आला की ताईनं मागं बसल्या बसल्या ओढणी तोंडाला गुंडाळली. कमान आली. "मांजर" एवढंच शिल्लक होतं. मला हसायला आलं.

"हस," ताई म्हणाली. "सगळे हसतात."

गुणपत्रकाच्या खिडकीवर पुठ्ठा लावला होता: साहेब मीटिंगला गेले आहेत. आत साहेबांची खुर्ची, खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर मांजर. खरंखुरं. निकाल लागून चार महिने झाले होते आणि ताईचा हा सहावा हेलपाटा. खिडकीपुढं झाडाखाली दहा-बारा पोरं बसली होती. त्यातल्या एकानं सांगितलं, त्याची नोकरी गेली, कारण मुलाखतीला दाखवायला कागदच नव्हता.

"बघ," मी म्हणलं. "आता बोल. लोक उगाच नाव ठेवतात का?"

"उगाच नाही ठेवत," ताई म्हणाली. तिनं लगेच मान्य केलं. "वाचनालयाला एक वर्ष कुलूप होतं. शिक्षकांच्या पाच जागांपैकी तीन रिकाम्या. इनामदार मॅडम आठ वर्षं तासावर शिकवतात, अजून कायम नाहीत. हे सगळं खरंय. चल आता, शेड दाखवते."

शेवटची शेड त्यांची. दार ढकललं आणि मला वाटलं, आपण कुणाच्या लग्नाच्या स्वयंपाकात आलो. एका भिंतीला लांब कडप्पा, त्यावर गॅसच्या शेगड्या आणि शेगड्यांवर कुकर. घरातले कुकर. लहान, मोठे, चेपलेले, एकाला दोरीनं बांधलेली मूठ. दोन शिट्ट्या मारत होते. वास मात्र स्वयंपाकाचा नाही, काहीतरी उकळलेल्या खळीसारखा.

पांढरा कोट घातलेल्या एक बाई आल्या. बारीक, चष्मा कपाळावर. "हा उमाकांत का? चिडका?"

"मी चिडका नाही," मी चिडून म्हणलं.

त्या हसल्या. इनामदार मॅडम ह्याच.

"कुकर कशाला?" मी विचारलं.

"जंतू बघायचे तर भांडी आधी जंतूंपासून मोकळी पाहिजेत. काचेच्या ताटल्या, बाटल्या, सगळं. त्याला मोठं यंत्र लागतं. आमचं यंत्र मंजूर झालंय, पाच वर्षांपूर्वी." त्यांनी वर बघितलं, जणू यंत्र पत्र्यावरून येणार होतं. "तेच काम कुकर करतो. वाफ ती वाफच. पहिली शिट्टी झाली की पंधरा मिनिटं. आमची पोरं शिट्टीचं बटण, रिंग, सगळं स्वतः दुरुस्त करतात. मोठ्या विद्यापीठातून एक मुलगी आली होती इथं. तिला यंत्राचं बटण माहीत होतं, आत काय होतं ते माहीत नव्हतं."

दुसऱ्या बाजूला फळीवर बाटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: गाव, गल्ली, विहीर का हातपंप. पत्र्याच्या विद्यापीठाला हसणारी सगळी गावं तिथं ओळीनं उभी होती. कारण पाणी तपासायला बाहेर पाठवलं तर कधी उत्तर येईल नेम नाही, आणि इथं दोन दिवसांत. मी चिठ्ठ्या वाचत गेलो. फळीच्या कोपऱ्यात जुनी वही होती. ताईनं तीच माझ्यापुढं उघडून धरली. "सुरवसे गल्ली, मारुतीजवळचा हातपंप. पिण्यास अयोग्य." तारीख गेल्या उन्हाळ्याची. खाली सही कांचन सुरवसे.

त्या पंपाला लाल रंग मीच मारला होता. नगरपंचायतीनं सांगितलं, मारला. कुणी तपासलं ते विचारलं नव्हतं. गल्लीतल्या पोरांचे जुलाब त्यानंतर थांबले, एवढं माहीत होतं.

मी काहीतरी बरं बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण तेवढ्यात कोपऱ्यातल्या कुकरवर नजर गेली. मोठा, सात लिटरचा, झाकणाजवळ पोचा. तो पोचा मी ओळखतो. मी लहानपणी तो जिन्यावरून सोडला होता.

मी जवळ गेलो. काठावर कोरलेलं होतं, आपल्याकडे भांड्यावर कोरतात तसं: चि. पांडुरंग यास बहीण शकुंतलाकडून.

शकूआत्या म्हणजे नानांची एकुलती बहीण. आमच्या आईच्या लग्नात तिनं दिलेला हा कुकर. ती वारली तेव्हापासून नाना त्याला नुसता कुकर म्हणायचे नाहीत, शकूचा कुकर म्हणायचे. त्या शनिवारच्या दीड वर्ष आधी तो घरातून गेला. मी त्याआधी एकदा जुन्या मोटरची तांब्याची तार भंगारवाल्याला विकली होती, ते नानांना माहीत होतं. त्यामुळं चौकशी झालीच नाही. पट्ट्यानं मारलं, गल्लीसमोर. माझी दहावीची सराव परीक्षा चालू होती. मी तसाच निघालो, दहा दिवस शेखभाईच्या दुकानात फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर झोपलो, आणि पुन्हा शाळेत गेलो नाही. बोर्डाला बसलो नाही. शाळा मी तशीही सोडलीच असती, असं मी लोकांना सांगतो.

"हा इथं कसा आला?" मी ताईला विचारलं.

ताई शेगडी बारीक करायला वाकली.

"हा पहिला," मॅडम म्हणाल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. "त्याआधीच्या तुकड्यांना हातानं काहीच करता येत नव्हतं. कांचननं एक दिवस एसटीतून हा मांडीवर घेऊन आणला. म्हणाली, आईनं दिलाय. तो बघून मग बाकीच्यांनी आपापल्या घरून आणले. जाताना कुणीच परत नेत नाही."

"आईनं दिलाय," मी म्हणलं.

"उमा, बाहेर चल," ताई म्हणाली.

बाहेर मी तिला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. बाभळीखालची पोरं उठून उभी राहिली, एवढं सांगतो. ती ऐकून घेत होती.

"मी सांगणार होते त्याच दिवशी," शेवटी ती म्हणाली. "आईनं माझे हात धरले. नाना शिक्षण बंद करतील म्हणाली. पोरगा काय, दोन दिवसांत येईल घरी, त्याचा राग दोन दिवसांचा असतो म्हणाली. तू आला नाहीस."

"मी जाऊन सांगतो नानांना. आत्ता."

"सांग. तुझा हक्कच आहे."

असं म्हणल्यावर काय करतात? मी गाडीला किक मारली. तीस किलोमीटर गाडी कुठंच थांबवली नाही. घरी आई दारात उभी होती. तिनं माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. तिचा हात दाराच्या कडीवर होता आणि कडी वाजत होती.

मी नानांना काहीच सांगितलं नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. ती कडी वाजत होती म्हणून असेल.

रविवारी उजाडता उजाडता दुकानात गेलो. एक पट्टी छापली: मांजरथडी विद्यापीठ. कटर घेतलं, शिडी घेतली, चौकात गेलो आणि फ्लेक्समधली पुण्याची ओळ कापून काढली. सरळ, मोजून. मग पट्टी हातात धरून शिडीवर उभा राहिलो. खाली चहावाला विचारत होता, काय रे, काय लिहितोस? आणि मला ते नाव चौकात लावायची लाज वाटली. खोटं ठेवायचा राग आणि खरं लावायची लाज. मी तसाच खाली उतरलो. फ्लेक्सला लांबट खिडकी पडली होती, तिच्यातून मागचं पाण्याचं टाकं दिसत होतं.

अकरा वाजता पाहुणे आले. लोमटे गुरुजी, त्यांची बायको, मुलगा आणि मामा. मुलगा चांगला होता, बूट कुठं काढायचे ते विचारत होता. सतरंजीवर बसले. आई पोहे करत होती. नाना नवी टोपी घालून भिंतीला टेकले होते.

"चौकात फ्लेक्स बघितला," गुरुजी म्हणाले. "छान आहे. पण त्याला खिडकी कशासाठी ठेवलीत?"

"हवेनं फाटला असंल," मामा म्हणाले.

"तुमच्याकडची हवा फार सरळ फाडते हो."

मुलगा हसला, मग बापाकडं बघून थांबला. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी नजर पोह्यांच्या वासाकडं वळवली.

"बरं, पुण्याला कोणत्या साली होतीस बाळा?" गुरुजींनी ताईला विचारलं. "आमची पुतणी तिथंच मायक्रोला होती."

मामा बोलायला लागले, पण ताई आधी बोलली. "मी पुण्याला नव्हते. मांजरथडी विद्यापीठात शिकले."

मग गुरुजींच्या बायको म्हणाल्या, "म्हणजे ते पत्र्याचं?"

"तेच."

"दिलीपराव," गुरुजी मामांकडं वळले, "तुम्ही तर म्हणाला होतात..."

"ते तसं नाही गुरुजी, म्हणजे तिच्या मनात पुण्याचंच होतं..."

"मनातलं सर्टिफिकेट कसं बघायचं?" गुरुजी म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. पण फसवल्याचा राग आला होता आणि तो त्यांनी भलतीकडं काढला. नानांकडं बघून म्हणाले, "पोरगी हुशार दिसते तुमची. मग अशा ठिकाणी का घातलीत? चार बाभळी अन् दोन शेडी. आहे काय हो तिथं?"

नानांनी मान खाली घातली. मी उठणार होतो.

"माझा कुकर आहे तिथं," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पोह्यांची ताटली. पाहुण्यांसमोर ती कधी बोलत नाही. तिचं बोलणं गुरुजींना होतं, पण बघत ती नानांकडं होती.

"वन्संचा कुकर. मी दिला पोरीला. तिथं भांडी नव्हती शिकायला. उमानं विकला नव्हता."

एवढंच. तिनं ताटली गुरुजींपुढं ठेवली, वर खोबरं भुरभुरलेलं होतं, आणि आत गेली.

नानांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटत होतं, या दिवशी मी खूप काही बोलेन. दीड वर्ष तयारी केली होती. एक शब्द आला नाही. गुरुजींना काय चाललंय ते कळलं नाही, पण शिक्षक माणूस, काहीतरी चाललंय एवढं कळलं. ते पोहे खायला लागले.

पाहुणे कळवतो म्हणून गेले आणि त्यांनी कळवलं नाही. मामा त्यांच्याबरोबरच गेले, आईशी न बोलता. मी मागच्या दारानं निघालो. घरात थांबलो असतो तर कुणीतरी रडलं असतं.

चौकात आलो तर फ्लेक्सखाली नाना उभे. पायात चप्पल नाही. नवी टोपी हातात. ते त्या खिडकीतून पाण्याच्या टाक्याकडं बघत होते.

"काय नाव म्हणलं त्या विद्यापीठाचं?" त्यांनी विचारलं. नाव त्यांना माहीत होतं. दोन वर्षं ताईला पहाटे स्टँडवर तेच सोडत होते.

"मांजरथडी."

"पट्टी छापलीस का?"

"छापलीय."

"आण."

मी दुकानातून पट्टी आणि शिडी आणली. रविवारचा बाजार भरत होता, सगळा गाव चौकात. नानांनी शिडी दोन्ही हातांनी धरली.

"सरळ लाव," ते खालून म्हणले. मग जरा वेळानं, "पडणार नाहीस. धरलंय मी."

नाना मला तेवढंच म्हणले. त्या दिवशीही आणि नंतरही. चहावाल्यानं मोठ्यानं नाव वाचलं, दोघंतिघं हसले. नानांनी वळून त्यांच्याकडं बघितलं, शिडी न सोडता.

ताई आता जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. मुलाखतीत तिला विचारलं होतं, यंत्र बंद पडलं तर काय कराल. तिला तिथंच हसू आलं, असं सांगते. गुणपत्रक तिला अकराव्या हेलपाट्याला मिळालं, तेही सांगते. विद्यापीठ चांगलं का वाईट असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, गुणपत्रकाच्या खिडकीबद्दल विचारतोस का शेवटच्या शेडीबद्दल. लोक म्हणतात, उम्या सरळ बोलत नाही. मांजर मात्र अजून टॉवेलवरच झोपतं.

काल इनामदार मॅडमचा फोन आला. त्या कायम झाल्या. नवी इमारत उभी राहिली, यंत्रही आलं. जुनी शेड आज पाडणार आणि कुकर भंगारात काढलेत, अकरा वाजता गाडी येणार. ज्याचा त्यानं येऊन न्यावा म्हणाल्या.

मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आण. पण त्यात वरण शिजवायचं नाही कुणी. काय काय घाण पाणी उकळलंय त्यात." आणि सकाळपासून तिनं फळीवर जागा करून ठेवलीय.

नाना बाहेर गाडीवर बसलेत. कुकर बांधायला दोरी घेतलीय, मांडीवर जुनी चादर घेतलीय, पोचा अजून खोल जायला नको म्हणून. तिसऱ्यांदा हॉर्न वाजला. भंगारवाल्याच्या आधी पोचायचंय. निघतो मी.